गाडी खाली बसवण्याआधी

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासला, वाईतून पसरणीच्या घाटाने पाचगणीला, मेढ्यातून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणारे रस्ते ज्यांच्या दाराशी आहेत, त्यांना गाडी वळणात कशी बसते याचं वेड लागलं तर नवल नाही. पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन-लाइन, व्हर्टस जीटी किंवा एखादी ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतलेला हौशी माणूस चाकं आणि एक्झॉस्ट बदलून झाले की सस्पेन्शनकडे वळतो. कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढून त्या जागी कॉइलओव्हर चढवायचे: शॉकअपच्या नळीवर आटे, आट्यांवर वरखाली फिरणारी चकती, चकतीवर स्प्रिंग आणि दांड्याच्या टोकाला डॅम्पिंग कमी-जास्त करणारा नॉब. चकतीने गाडीची उंची ठरते, नॉबने तिचे झोल किती लवकर थांबावेत हे. खोक्यावर ‘३२ टप्पे’ असं छापलेलं असतं आणि सौदा बहुतेक वेळा त्या ३२ वरच होतो. माझं म्हणणं असं, की बदलता येणं ही सोय आहे, गुणवत्ता नव्हे. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी पहिला प्रश्न हा, की चाकाला वर-खाली जायला जागा किती उरते. दुसरा, स्प्रिंग आणि शॉकअप यांचं एकमेकांशी जमतं का. टप्पे त्यानंतर मोजावेत.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज म्हणजे कडक स्प्रिंग बसवली की वळणात बाहेरच्या चाकांवर कमी भार जातो. गाडी कमी झुकलेली डोळ्यांना दिसते, म्हणून भारही कमी सरकत असणार असं वाटतं. पण हा भार ठरतो गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणातला बाजूचा जोर यांवर. स्प्रिंगचा कडकपणा या हिशेबात जवळजवळ येतच नाही. ११०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, दोन चाकांत १४५ सेंटिमीटर अंतर आणि अर्धा जी इतका बाजूचा जोर धरला, तर सुमारे २०९ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. तीच गाडी ३ सेंटिमीटर खाली बसवली तर आकडा १९७ वर येतो. वाचले अकरा-बारा किलो, आणि तेही उंची उतरल्यामुळे. स्प्रिंग बदलते ते वेगळंच: या भारातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी. टायरचा गुणधर्म असा, की दोन टायरांवर भार जितका विषम, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. त्यामुळे पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त कडक केली तर पकड आधी पुढेच सुटते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि मुळातच नाकाडात जड असलेल्या हॅचबॅकमध्ये याचा परिणाम म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक दरीकडे सरळ जात राहणं. पसरणीच्या घाटात नेमकं हेच नको असतं.

यावर कुणी म्हणेल, की कडक गाडी चालवताना तरतरीत वाटते ते काय खोटं? खोटं नाही. स्टिअरिंग हलवल्यावर गाडी झुकून स्थिरावायला जो क्षण जातो तो कडक स्प्रिंगेने कमी होतो, आणि चालवणाऱ्याला तो लगेच जाणवतो. मात्र प्रतिसाद जलद मिळणं ही एक गोष्ट आणि पकड वाढणं ही दुसरी. पकड टायर रस्त्याला सतत दाबलेला राहण्यावर अवलंबून असते. पुढच्या एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे आणि तिथे दर मिलिमीटरला २५ न्यूटनची स्प्रिंग आहे असं धरू. ती गाडी मोकळी सोडली तर सेकंदाला साधारण १.४५ वेळा हेलकावेल. अंगाला सुखद वाटणाऱ्या गाड्या याच टापूत असतात. स्प्रिंग दुप्पट कडक, म्हणजे ५० न्यूटनची केली, तर हेलकावे २.०५ वर जातात. दुसरा परिणाम कमी बोलला जातो. पहिली स्प्रिंग त्या वजनाखाली सुमारे ११८ मिलिमीटर दबते, दुसरी ५९. म्हणजे खड्डा आला की दुसऱ्या स्प्रिंगजवळ चाकाला खाली ढकलायला निम्मंच अंतर आहे. त्यापुढे ती सैल पडते आणि चाक अधांतरी राहतं. कोइम्बतूरच्या करी किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर डांबर सपाट असतं, तिथे ५९ मिलिमीटर पुष्कळ झाले. रॅलीच्या गाड्या कच्च्या रस्त्यावर उतरतात तेव्हा त्यांच्या सस्पेन्शनला लांब हालचाल दिलेली असते, आणि त्या काही हळू जात नाहीत. पावसाळ्यानंतरचा केळघरचा रस्ता ट्रॅकपेक्षा रॅलीलाच जवळचा आहे.

उंचीबद्दल दोन गैरसमज जोडीने नांदतात. एक म्हणजे चकती वर फिरवून स्प्रिंग आवळली की ती कडक होते. सरळ वळ्यांच्या स्प्रिंगेला पहिला मिलिमीटर दबायला जेवढा जोर लागतो तेवढाच पन्नासावाही लागतो. चकती फिरवल्याने फक्त गाडी उचलली जाते किंवा उतरते. पुष्कळ स्वस्त किटांत उंची कमी करण्याचा तेवढाच मार्ग असतो, आणि गाडी जितकी उतरेल तितकी शॉकअपची खाली दबायची जागा संपत जाते. काही किटांत नळीच्या तळाचा भाग वेगळा फिरवता येतो. त्यात उंची बदलली तरी शॉकअपची हालचाल शाबूत राहते. अर्थात मडगार्डमध्ये टायरला जागा किती, हा प्रश्न तिथेही सुटत नाहीच. दुसरा समज असा, की गाडी जितकी खाली तितकी वळणात बरी. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी फार उतरवली की त्याचा खालचा आर्म चाकाकडे वर चढलेला दिसू लागतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे झुकवणारा हात लांब होतो. त्याच स्प्रिंगांवर गाडी खाली बसवून ती आधीपेक्षा जास्त झुकू शकते! मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग, आणि कंबरेला आणखी हादरे.

खाली बसवलेली गाडी स्पीडब्रेकरला घासते, याचा दोष सरसकट गाडीवर टाकणंही बरोबर नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. पुढच्या-मागच्या चाकांत २.४७ मीटर अंतर असलेली पोलोच्या वर्गातली गाडी त्यावर मधोमध आली, तर तिच्या पोटाखालचं अंतर फक्त साडेचार सेंटिमीटरने कमी होतं. १६.५ सेंटिमीटर उंचीची गाडी ४ सेंटिमीटर उतरवूनही ती तिथून सुखरूप जाईल. पण गावाच्या वेशीवर रातोरात उगवलेला, हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच उंचवटा मानक वाचून बांधलेला नसतो. तो पूर्ण १५ सेंटिमीटर मागतो आणि उतरवलेल्या गाडीजवळ १२.५ च असतात. पेठ नाक्यावरून आष्टामार्गे सांगलीला किंवा तासगाव-विट्याकडे रोज जाणाऱ्याने हा हिशेब खरेदीआधी करावा, ऑइल संपाला चीर पडल्यावर नव्हे.

आता त्या ३२ टप्प्यांकडे. इथला मोठा घोटाळा ‘हाय-स्पीड’ आणि ‘लो-स्पीड’ डॅम्पिंगचा आहे. पुष्कळांना वाटतं, पहिलं हायवेसाठी आणि दुसरं गावासाठी. हा वेग गाडीचा नसून शॉकअपच्या दांड्याचा असतो. वळणात गाडी झुकताना किंवा ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाताना दांडा सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आतच सरकतो; धारदार खड्ड्यात तो अर्धा मीटर आणि त्याहून जास्त वेगाने मारला जातो, मग गाडी ताशी तीसने का चालेना. एकच नॉब असलेल्या बहुतेक किटांत तो नॉब तेल जाण्याची एक छोटी वाट उघडतो किंवा मिटतो, आणि तिचा प्रभाव मुख्यतः संथ हालचालीवर पडतो. खड्ड्यातला हादरा आत ठरवून बसवलेल्या पातळ चकत्यांच्या थप्पीवर अवलंबून असतो. तिथे बाहेरून हात पोचत नाही. म्हणून हादरे कमी व्हावेत या आशेने नॉब सैल करणाऱ्याला हादरे तेवढेच मिळतात आणि वर झोल वाढतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दोन्ही तऱ्हेचे रस्ते आहेत, म्हणून हा फरक इथे पुस्तकी राहत नाही. कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते; तिच्यावरच्या डांबरी रस्त्यावर लांब लांब लाटा उठतात, आणि गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर त्याच्या कडा खचवतात. अशा लाटांवर संथ हालचालीचं डॅम्पिंग कामाला येतं आणि नॉब खरोखर उपयोगी पडतो. घाटातले मुसळधार पावसाने उखडलेले, धारदार कडांचे खड्डे हा दुसरा प्रकार. तिथे नॉब पूर्ण आवळला तर दबलेली स्प्रिंग पुढच्या खड्ड्याआधी उलगडत नाही, गाडी खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी रबरी बंप स्टॉपवर टेकते. बंप स्टॉपवर टेकलेल्या चाकाजवळ सस्पेन्शन उरलेलंच नसतं. शिवाय सगळे टप्पे सारखे नसतात: अनेक शॉकअपांत शेवटच्या चार-सहा क्लिकांत सगळा फरक पडतो आणि उरलेल्यांत जवळजवळ काहीच नाही. हे फक्त शॉकअपच्या चाचणीयंत्रावरच्या आलेखात कळतं, हाताने दाबून नाही. आणखी एक: स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तीच शिस्त राखायला डॅम्पिंग सुमारे १.४ पट लागतं. जुन्याच शॉकअपवर नुसत्या ‘लोअरिंग स्प्रिंगा’ चढवणाऱ्यांच्या गाड्या बेडकासारख्या उड्या का मारतात, ते इथे समजावं.

‘कंपनीचं सस्पेन्शन ही तडजोडच आहे’ असा आक्षेप राहतो, आणि तो खरा आहे. कंपनीला पाच माणसं, डिकीतलं सामान, देशभरचे रस्ते आणि किंमत हे सगळं सांभाळायचं असतं. एकट्याने किंवा दोघांनी घाटात चालवायच्या गाडीला त्याहून थोडं नेमकं काही देता येतं. पण ते ‘थोडं’ म्हणजे मूळपेक्षा वीस-तीस टक्के कडक स्प्रिंगा, त्यांना जुळणारे चांगले शॉकअप आणि फार तर दोन-अडीच सेंटिमीटरची उतरण. यासाठी न बदलणारा पण नीट जुळवलेला संच ३२ टप्प्यांच्या स्वस्त संचापेक्षा सरस ठरतो. बदलता येणाऱ्या संचाचा उपयोग आहेच: गाडी चारही कोपऱ्यांत समतल करता येते, आणि जो खरंच ट्रॅकवर जातो त्याला तिथे एक व घरी दुसरी मांडणी ठेवता येते. उंची बदलली की दर वेळी अलाइनमेंट मात्र करावीच लागते. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला की टायरची कड काही हजार किलोमीटरांत खलास होते.

‘आरसी बुकात स्प्रिंगेचा उल्लेख नसतो, म्हणून कायदा आड येत नाही’ हा शेवटचा समज. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मना करतं, आणि केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जर्मनीत असा संच तपासणी संस्थेच्या कागदासह विकला जातो आणि गाडीच्या नोंदीत चढवला जातो. आपल्याकडे ती वाट रुळलेली नाही. म्हणून गाडी एमएच ११ असो, एमएच १० असो की कराडची एमएच ५०, आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. विक्रेत्याकडे स्प्रिंगेचा कडकपणा दर मिलिमीटरला किती न्यूटन या मापात, बसवल्यानंतर उरणारी हालचाल मिलिमीटरमध्ये आणि शॉकअपचा आलेख मागा. तो यांऐवजी टप्प्यांची संख्या सांगू लागला, तर पैसे परत खिशात घाला आणि चार चांगले टायर घ्या.