टेबल टेनिसचे रबर : उंची कोणते, उपयुक्त कोणते?

शाळेसाठी टेबल टेनिसच्या बॅटी घेताना शिक्षकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. एकाच नावाचे रबर सामान्य ग्राहकास एका किमतीत मिळते. नामांकित खेळाडूंसाठी म्हणून त्याचीच वरची प्रत कितीतरी अधिक किमतीस विकली जाते. हा भेद कशाचा, आणि तो मुलांच्या उपयोगाचा आहे काय, याचा विचार करू.

बॅटीच्या लाकडावर सामान्यतः दोन थर असतात. वर रबराचा पातळ थर व त्याखाली स्पंज. चेंडू बॅटीस सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकाच वेळ टेकतो. तेवढ्यात स्पंज दबून उसळतो, आणि वरचे रबर चेंडूस धरून फिरकी देते. स्पंजाचे हे सामर्थ्य १९५२ साली मुंबईतच जगाच्या प्रत्ययास आले. जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंजाच्या बॅटीने तेथे पुरुष एकेरीचे जागतिक विजेतेपद मिळविले. पुढे १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने रबर, स्पंज व डिंक मिळून जाडीस ४ मिलिमीटरची मर्यादा घातली.

आता प्रतींविषयी. चीनमधील ‘हरिकेन ३’ या रबराच्या व्यापारी, प्रांतिक व राष्ट्रीय अशा प्रती आहेत. त्यांतील भेद प्रामुख्याने निवडीचा होय. वरच्या प्रतीतील स्पंज ठरावीक कठीणपणाचा व सर्वत्र सारख्या घनतेचा असावा, याविषयी अधिक काटेकोरपणा पाळला जातो. व्यावसायिक खेळाडू रबर वारंवार बदलतो. नवे रबर जुन्यासारखेच वागले नाही, तर त्याचा हात चुकतो. तो अधिक किंमत देतो ती या सारखेपणासाठी.

कठीण स्पंज वेगवान फटक्यानेच पुरेसा दबतो. लहान मुलाच्या हलक्या फटक्याने तो दबत नाही. मग चेंडूस ना वेग मिळतो, ना फिरकी. म्हणजे उंची रबर मुलास लाभदायक न होता अडचणीचेच ठरते.

याचा अर्थ मिळेल ते स्वस्त रबर घ्यावे, असा मात्र नव्हे. अगदी हलक्या तयार बॅटींचे रबर पुष्कळदा गुळगुळीत व निर्जीव असते. त्यावर फिरकी शिकविता येत नाही. म्हणून महासंघाची मान्यताखूण असलेले, मध्यम मऊ स्पंजाचे साधे रबर निवडावे. शाळेतील सर्व बॅटींना शक्यतो एकच रबर असावे, म्हणजे हरल्याचा दोष मुले बॅटीस देणार नाहीत.

खेळ संपताच रबर ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावे, आणि बॅट उन्हापासून दूर, पिशवीत ठेवावी. धूळ व ऊन यांनी रबराची पकड जाते. स्वच्छ चेंडू रबरावर दाबून सरकविला असता सहज घसरू लागला, की रबर बदलण्याची वेळ आली असे समजावे. उंची रबरावर खर्च होणारा पैसा वाचवून चेंडू अधिक घेतले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास अधिक सराव येईल.