पाण्याच्या वाटेने एका शहराचा इतिहास

सहल आणि क्षेत्रभेट हे शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः दोहोंत अंतर आहे. सहलीत विद्यार्थी स्थळ पाहून येतो, क्षेत्रभेटीत तो स्थळाला प्रश्न विचारतो. नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जाताना आम्ही त्यांच्या हाती एकच प्रश्न देतो : पाणी. वहीत तीन रकाने आखलेले असतात. पाणी आले कोठून, आणले कोणी आणि प्याले कोण? दोन दिवसांत जेवढी स्थळे पाहावयाची, तेवढ्या स्थळांपुढे हे तीन रकाने भरावयाचे. राजांच्या सनावळ्या पाठ्यपुस्तकात आहेतच, त्यासाठी एस.टी.चे भाडे खर्च करण्याचे कारण नाही.

आरंभ डोंगरातील लेण्यांपासून करावा. औरंगाबाद लेण्यांत बारा लेणी आहेत. त्यांतील चौथे, चैत्यगृहाचे लेणे सर्वांत जुने. सातव्या लेण्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वराचे भव्य शिल्प असून संकटात सापडलेले प्रवासी त्याचा धावा करीत आहेत. अग्नी, चोर, हत्ती, सिंह, साप यांच्या जोडीला तेथे बुडणारे जहाजही कोरलेले आहे. समुद्रापासून इतक्या दूर जहाज का, हे विद्यार्थ्यांना विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. हा प्रदेश व्यापारी मार्गांवर होता आणि भिक्खूंच्या विहारांना व्यापाऱ्यांचे दान मिळत असे, हे त्यांना थोड्या वेळाने आपोआप उमगते. पश्चिम भारतातील लेण्यांमध्ये पाण्याचे टाके खोदून देणे हे दान मानले जाई. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ असा शब्द आहे. दात्याचे नाव दगडावर राहिले. टाके खोदणाऱ्याचे नाव मात्र फारसे कोठे सापडत नाही.

डोंगरावरून उतरले की मलिक अंबरचे शहर सुरू होते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले. आपल्या मुलांना शिवाजी महाराजांच्या आजोबांची, मालोजीराजांची कथा ठाऊक असते. त्याच निजामशाहीत एका गुलामाने एवढी मजल मारली, हे त्यांनी आवर्जून ऐकावे. खडकीला पाणी पुरविण्यासाठी त्याने बांधलेली नहर डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणीत असे. त्यात ना मोट, ना पंप.

हे तंत्र पाणचक्कीजवळ अधिक नीट समजावता येते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, भिंतीत उंच चढते आणि तेथून पडताना चक्की फिरविते. या चक्कीवर दर्ग्यातील फकिरांसाठी व यात्रिकांसाठी धान्य दळले जाई. पाणी चढते कसे, असे मुले विचारतातच. तेव्हा मी गवंड्याची लेव्हल नळी काढतो. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील बांधकामावर आहेत, त्यामुळे ही पारदर्शक नळी त्यांनी घरी पाहिलेली असते. नळीचे एक टोक वर धरा, दुसरे खाली न्या. पाणी दोन्ही टोकांत एकाच पातळीवर येऊन उभे राहते. झरा भिंतीपेक्षा उंचावर आहे, म्हणून बंद नळातून आलेले पाणी भिंतीत चढते. त्या क्षणी गवंड्याचा मुलगा वर्गाला शिकवू लागतो. भौतिकशास्त्राचा असा तास फळ्यावर घेता आलेला नाही.

दुसरा दिवस दौलताबादचा, आणि तोच या भेटीचा गाभा आहे. यादवांची देवगिरी, अलाउद्दीनची १२९६ ची स्वारी, तुघलकाची राजधानी हे सारे मार्गदर्शक सांगतो. आम्ही जे सांगतो ते तो सांगत नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत ते या किल्ल्याशी थांबले. प्रवासाने अंग धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील टाक्याच्या पाण्याने काहींनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात ‘टाके बाटविले’ असा ओरडा झाला. शिवीगाळ झाली, जमाव जमला. अखेर प्रवेश मिळाला तो अटीवर : आत कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही, आणि लक्ष ठेवण्यास सशस्त्र शिपाई बरोबर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

येथे शिक्षकाची कसोटी लागते. ओरडणारे मुसलमान होते, रमजानचा महिना होता. एवढेच ऐकून मुलगा घरी गेला तर तो इतिहास शिकला नाही, द्वेष शिकला. म्हणून आम्ही त्याच लेखनातील पहिला प्रसंग निघण्यापूर्वीच वर्गात वाचतो. १९०१ मध्ये नऊ वर्षांचा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघाला. बरोबर शिदोरी होती, परंतु पाणी मिळेना, म्हणून ती रात्र मुलांनी उपाशी काढली. तेथे पाणी न देणारे हिंदू होते. बडोद्यातील प्रसंगात पारशी आहेत. धर्म बदलला तरी जातीची नजर कशी टिकून राहते, हा त्या लेखनाचा विषय आहे. आणि कालच पाहिलेली नहर बांधणारा मलिक अंबर मुसलमान होता, हेही मुलांच्या वहीत लिहिलेले असते. दौलताबादपुढचा तिसरा रकाना भरताना बहुतेक मुले बराच वेळ थांबतात. त्यांना थांबू द्यावे.

परतीच्या वाटेवर नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादावरून बाबासाहेबांनी ही नावे योजिली. प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला उत्तर देणारा भिक्खू, दोघेही एकाच आवारात! प्रत्यक्षात येथे आम्ही फार बोलत नाही. मुले दमलेली असतात, झाडाखाली डबे उघडतात, नळाचे पाणी पितात.

शाळेत परतल्यावर काम राहते ते आपापल्या गावच्या पाणवठ्याचे. दिवाळीच्या सुटीत आजी-आजोबांना विचारून तेच तीन रकाने भरावयाचे. विहीर कोणाची, काठावर कोण उभे राहत असे, ओंजळीत वरून पाणी ओतणे कधी थांबले, १९७२ च्या दुष्काळात काय घडले. या वह्या ग्रंथालयात गावांच्या नावानुसार लावून ठेवल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी केव्हाही येऊन आपल्या गावाचे पान पाहावे, आणि तिसऱ्या रकान्यात काही राहून गेले असल्यास स्वहस्ते लिहावे.