कपाटातला कॅमेरा आणि खिडकीतला तांबट

देवनार म्हटले की मुंबईकराचा हात आधी नाकाकडे जातो. १९२७ पासूनची कचराभूमी आणि तो प्रसिद्ध कत्तलखाना यांपलीकडे आमच्या या उपनगराची ओळख करून घ्यायला फारसा कोणी थांबत नाही. वास्तविक टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ साली इथे आली, तिच्या आवारातली झाडे आता चांगली जुनी झाली आहेत. लोकसंख्या विज्ञान संस्थेचे आवारही असेच सावलीचे. दक्षिणेला अणुशक्तीनगर आणि त्यामागची ट्रॉम्बेची टेकडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. एवढे सगळे असल्यावर पक्षी आल्यावाचून कसे राहतील? पहाटे अँटेनावर बसून शीळ घालणारा दयाळ, कुंड्यांतून टुणटुणणारा शिंपी, शेवग्याच्या फुलांवर लोंबकळणारा शिंजीर, कंपाऊंडच्या भिंतीवरून दबकत जाणारा भारद्वाज, दुपारच्या उन्हात गिरक्या घेणाऱ्या घारी. ही सारी मंडळी देवनारची रहिवासीच आहेत. फक्त मतदारयादीत त्यांची नावे नाहीत.

इंग्रजी पुस्तके ज्याला घरामागचे अंगण म्हणतात, ते मुंबईत स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. ग्रिलमधल्या चार कुंड्या, समोरचे सोसायटीचे झाड आणि दोन इमारतींमधून दिसणारी आभाळाची पट्टी, एवढेच आपले परसदार. या परसदारातले पक्षी टिपायला नवा, लाखमोलाचा कॅमेरा लागतो असा एक समज आहे. तो खरा नाही. त्यासाठी लागणारा कॅमेरा बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आधीच आहे. तो कपाटाच्या वरच्या खणात, मुंजीच्या अल्बमशेजारी पडून आहे.

२००५ ते २०१२ या काळात आपल्याकडे डीएसएलआर घेण्याची एक लाटच आली होती. परदेशातून येणाऱ्या भाच्याला हमखास सांगितली जाणारी वस्तू म्हणजे हा कॅमेरा. लग्न, बारसे, सिमला-मनाली एवढे त्याच्यावर झाले आणि मग मोबाइलने त्याला पेन्शनीत काढले. निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांचे या जातीचे शेवटचे नवे कॅमेरे २०२० साली आले. त्यानंतर त्यांचा सारा जोर आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे जुन्या बाजारात डीएसएलआरची किंमत चांगलीच उतरली. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी फोर्टातल्या बोरा बाजारात एक फेरी मारावी. घेताना लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते का, तेवढे मात्र पाहावे. ती बुरशी असते, आणि मुंबईच्या पावसाळ्याची ती सर्वांत आवडती भेट आहे. (घरचा कॅमेरा असेल तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कपाटातल्या दमट कपड्यांत गुंडाळून नव्हे.)

आता हिशेब पाहू. २००८ सालचा निकॉन डी९० घ्या किंवा त्याच वर्षीचा कॅनन ४५०डी. दोन्हींची क्षमता सुमारे १२ मेगापिक्सेल. आजच्या जाहिरातींपुढे हा आकडा केविलवाणा वाटतो, पण आठ बाय बारा इंची प्रिंटला तो पुरून उरतो. त्याला ३०० मिलिमीटरपर्यंतचा साधा झूम लावला आणि सहा मीटरवरच्या फांदीवर जेमतेम वीतभर लांबीचा, म्हणजे वीस सेंटिमीटरचा बुलबुल बसला, तर आतल्या सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे १० मिलिमीटर पडते. सेन्सरची उंचीच जेमतेम १६ मिलिमीटर, म्हणजे चौकट निम्म्याहून अधिक भरली! तोच बुलबुल तीस मीटरवर गेला की प्रतिमा दोन मिलिमीटर. मग कॅमेरा कितीही महागडा असो, हाती ठिपकाच येतो. थोडक्यात, पैसे मोजायचे ते अंतरासाठी, आणि अंतर तर खिडकीत बसल्या बसल्या फुकट मिळते. दुसऱ्या मजल्यावरच्या घराला आणखी एक लाभ आहे. रानात मान वर करून पक्ष्यांची पोटे पाहावी लागतात, इथे आपण झाडाच्या शेंड्याच्या बरोबरीने बसलेले असतो आणि पक्षी डोळ्याला डोळा भिडवतो.

फक्त बसता आले पाहिजे. जुन्या कॅमेऱ्याचा खरा गुण इथे कळतो. तो सेकंदाला चारेक चित्रे घेतो आणि थोड्याच वेळात दमतो. त्यामुळे बोट दाबून धरले आणि नंतर त्यातले बरे निवडले, ही आजची पद्धत त्याच्यापाशी चालत नाही. शिंपी कुंडीतल्या जास्वंदीवर येतो तेव्हा क्षणभरही स्थिर नसतो. पण दोनतीन सकाळी नुसते पाहिले तर लक्षात येते, की पानाखालचे कोळी वेचून झाले की तो ग्रिलच्या एका ठरावीक गजावर येतो, शेपटी उभारतो आणि मग उडतो. त्या गजावर फोकस धरून ठेवायचा. शिंपी येणारच. ज्याला पक्ष्याची सवय माहीत आहे त्याला एक चित्र पुरते.

बैठकीची व्यवस्था घरगुतीच असू द्या. ट्रायपॉड स्वयंपाकघरात सगळ्यांच्या पायांत येतो आणि घरातली शांतता भंग पावते. त्यापेक्षा जुन्या कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ किंवा मूग भरून पिशवी शिवून टाका, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा आणि तिच्यात लेन्स रुतवा. हात हलण्याचा प्रश्न मिटला. खोलीतला दिवा बंद ठेवावा, मच्छरदाणीची जाळी सरकवावी, आणि काच उघडत नसेलच तर लेन्स तिला अगदी टेकवून धरावी. आरसा वर उचलताना जुना कॅमेरा ‘खटक्’ असा आवाज करतो, त्याने पहिले दोन दिवस बुलबुल दचकतात. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीइतकेच ते त्याच्याकडे लक्ष देतात.

पक्षी यावेत म्हणून दाणे टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दाण्याला मुंबईत पारवेच येतात, आणि पारव्यांचे काय करायचे यावरून २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यापाशी केवढे रण माजले ते आपण पाहिलेच. पाणी ठेवा. मातीची पसरट थाळी, दोन इंचांहून उथळ, आणि रोज सकाळी पाणी बदललेले. नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास होईल आणि महापालिकेचा माणूस नोटीस घेऊन दारात उभा राहील. एप्रिल-मेच्या दुपारी या थाळीवर बुलबुल, साळुंकी, दयाळ, खारी असे सगळे रांगेने येतात.

उजेडाचे गणित मात्र समजून घ्यायला हवे. रोलच्या जमान्यात आपण शंभरचा किंवा चारशेचा रोल घालत असू. तोच आकडा आता आयएसओ म्हणून बटणाने बदलतो. जुन्या कॅमेऱ्यात तो आठशेच्या पुढे नेला की चित्रात रवा सांडल्यासारखे कण दिसू लागतात. म्हणून सकाळी सात ते नऊ ही वेळ साधावी. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडणाऱ्या घारीला पंधराशेवा-सोळाशेवा लागतो. शिवाय कॅमेऱ्याच्या मीटरला जग नेहमी करडे असावे असे वाटते. पांढुरक्या आभाळातली घार तो काळी ठिक्कर करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर एकाने वाढवायचे. गर्द पानांपुढचा बगळा तो धुऊन टाकतो, तेव्हा एकाने कमी करायचे. दयाळाचा नर एकाच अंगावर काळा आणि पांढरा दोन्ही घेऊन येतो. त्याच्यापुढे मीटरने हात टेकले तर नवल नाही. ऊन कोवळे असताना तो टिपावा, हा एकच उपाय.

आमच्या कंपाऊंडमध्ये एक वर्षावृक्ष आहे. मुंबईतले कित्येक वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाने वाळले. याच्याही दोन फांद्या निष्पर्ण झाल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवर तांबटाचे घर आहे. तांबट आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. उन्हे चढू लागली की तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक् टुक् टुक्’ आवाज तासन्‌तास चालतो. पाहिलेला मात्र फार थोड्यांनी असतो, कारण तो पानांच्या रंगाचाच हिरवा आणि चिमणीपेक्षा थोडाच मोठा. आवाज करताना तो मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतो तेही कळत नाही. चित्र मोठे करून पाहिल्यावर एक गंमत दिसते. इतका आवाज करताना या पठ्ठ्याची चोच बंद असते, फक्त गळा फुगलेला असतो. कपाळावर आणि गळ्याखाली कुंकवासारखा लाल, डोळ्याभोवती पिवळा, पोटावर हिरव्या रेघा. नर-मादी दोघे मिळून वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला चोचीने गोल भोक कोरतात. ते इतके नेटके असते की सुताराने गिरमिट चालवले असावे असे वाटते.

सामान्य पक्ष्यांकडे असे लक्ष देण्याची मुंबईची परंपरा जुनी आहे. कस्टम आणि मीठ खात्यात नोकरी करणारे ई. एच. एटकेन हे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर आख्खे पुस्तक लिहिले. कावळा, घार, चिमणी, साळुंकी हेच त्याचे नायक. सालिम अली १९३० मध्ये नोकरी गेलेली असताना किहीमला राहत होते, आणि सुगरण पक्ष्याचा संसार त्यांनी उलगडला तो तिथे घराजवळच्या वसाहतीवर नजर ठेवून. त्यांचे स्नेही लोके वान थो हे सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आश्रयाला आले आणि पुढे पक्ष्यांचे नामांकित छायाचित्रकार म्हणून ओळखले गेले. त्या काळचे अवजड कॅमेरे आठवले की आपला ‘जुना’ डीएसएलआर फारच आधुनिक वाटू लागतो.

आता कोणी म्हणेल, रोहित पाहायला ऐरोलीच्या खाडीत होडीने जाता येते. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागते. मग खिडकीतल्या बुलबुलाचे चित्र कशाला? कारण रोहितांवर हजार डोळे आहेत, आणि गोवंडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गुलमोहरावर एकही नाही. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची घरगुती पक्षिगणना अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली, २०१३ पासून भारतातही दर फेब्रुवारीत चार दिवस ती होते. कमीत कमी पंधरा मिनिटे एका जागी बसायचे, दिसेल ते लिहायचे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच सुमारे तीस हजार हौशी लोकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. एखादा पक्षी कमी होतो आहे हे सांगायला आधी तो भरपूर असतानाच्या नोंदी लागतात. त्या वेळी मात्र त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

म्हणून कपाटातला कॅमेरा काढल्यावर पहिले काम कोणते, तर त्याचे घड्याळ लावणे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी उतरलेली असते आणि तारीख मागे जाऊन बसलेली असते. प्रत्येक चित्राच्या पोटात कॅमेरा तारीख-वेळ लिहून ठेवतो. ती बरोबर असेल तर चित्र हा पुरावा, नाहीतर नुसते सुंदर चित्र.

घरट्यांचे फोटो काढायचे असतील तर एक पथ्य कडक पाळावे. जे खिडकीतून सहज दिसते तेवढेच. फांदी बाजूला करायची नाही, फ्लॅश नको, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचे नाही. पाने हटवली की कावळ्याला वाट सापडते. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणे हे शिकारीतच धरले आहे, हेही लक्षात असू द्यावे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर झाडांची छाटणी होते. ती आवश्यक आहे याबद्दल वाद नाही, वादळात फांदी कोणाच्या डोक्यावर पडायला नको. पण पक्ष्यांची पिल्लेही याच दिवसांत असतात, आणि छाटणीत सर्वांत आधी पडते ती वाळकी फांदी, म्हणजे नेमके तांबटाचे घर. आमच्या सोसायटीच्या सभेत ‘त्या फांदीत पक्षी आहे’ असे म्हटले तेव्हा कोणी मान वर केली नाही. मग फेब्रुवारीपासूनच्या चित्रांतली चार निवडून त्यांचे प्रिंट काढले. पहिल्यात भोक कोरणारी चोच, दुसऱ्यात भोकातून डोकावणारे लाल कपाळ, तिसऱ्यात चोचीत उंबर, चौथ्यात ढोलीतून बाहेर आलेले पिल्लाचे डोके, त्याच्या कपाळावर अजून लाली नव्हती. खाली प्रत्येकाची तारीख. प्रिंट सूचनाफलकावर लावले. लहान मुलांनी आधी फांदी शोधून काढली, मग त्यांच्या आज्यांनी. तळमजल्यावरच्या काकूंनी तर सेक्रेटरींना खाली बोलावून बोटाने दाखवली.

छाटणीवाले मेमध्ये आले तेव्हा मुकादमाने चारही चित्रे नीट पाहिली आणि विचारले, “एवढंच भोक? मग ही फांदी शेवटी घेऊ.” रस्त्यावर येणाऱ्या फांद्या त्याने त्या दिवशी उतरवल्या आणि ही कंपाऊंडच्या आतली ठेवली. दोरी बांधून ठेवा, एवढे सांगून गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत आला. तोवर ढोली रिकामी झाली होती.