शेत गेले, पाणी उरले

भूवेष्टित देश : लेखांक ७ – लेसोथो

मागच्या लेखांकातला भूतान दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये उभा आहे. लेसोथोला शेजारी एकच. कुठल्याही दिशेने सीमा ओलांडा, पाय दक्षिण आफ्रिकेतच पडतो. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम दहावा हिस्सा; लोकसंख्या सुमारे २३ लाख. देशातली सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. संपूर्ण भूमी १,००० मीटरच्या वर असलेला जगातला हा एकमेव देश.

हा देश वेगळा उरला कसा, याचे उत्तर थाबा बोसियू या सपाट माथ्याच्या डोंगरात आहे. १८२४ मध्ये मोश्वेश्वे हा सरदार आपली माणसे आणि गुरे घेऊन तिथे चढला. भोवती उभे कडे, वर चराई आणि झऱ्याचे पाणी. लढाया आणि उपासमारीने उधळलेल्या टोळ्या एकेक करून त्याच्या आश्रयाला आल्या आणि त्यांतून बसोथो समाज घडला. आजही देशातले जवळजवळ सगळे लोक बसोथो आहेत आणि सेसोथो ही त्यांची सामायिक भाषा आहे. आफ्रिकेच्या नकाशावर ही एकजिनसी वस्ती विरळाच.

डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांना थाबा बोसियू घेता आला नाही, पण पायथ्याची जमीन त्यांनी घेतली. अखेर मोश्वेश्वेने ब्रिटिशांचे संरक्षण मागितले आणि १८६८ मध्ये ते मिळाले. राज्य वाचले, कॅलिडन नदीच्या पश्चिमेकडची सुपीक जमीन मात्र गेली ती गेलीच. लेसोथोच्या गरिबीचे मूळ आळसात किंवा अडाणीपणात शोधणाऱ्यांनी ही सीमारेषा आधी पाहावी. राजधानी मासेरू या नदीकाठी आहे आणि ज्या शेतांवर हा देश पोसला जायचा, ती पलीकडच्या तीरावर आहेत.

शेत नाही म्हटल्यावर पुरुष खाणीत गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गभोवतीच्या आणि फ्री स्टेट प्रांतातल्या सोन्याच्या खाणींत एके काळी लाखाहून अधिक बसोथो राबत होते. घरी मुलगे मेंढ्यांमागे डोंगरात आणि मुली शाळेत, त्यामुळे इथे साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे आहेत. १९९० च्या दशकात खाणींनी माणसे कमी केली. परतलेल्यांपैकी अनेकांची फुप्फुसे सिलिकाच्या धुळीने निकामी झाली होती. त्यांच्या भरपाईचा समझोता न्यायालयाने मंजूर केला तो २०१९ मध्ये.

मग कमावण्याची पाळी बायकांवर आली. अमेरिकेने २००० मध्ये आफ्रिकी मालाला शुल्कमाफी दिली आणि मासेरू, मापुत्सोएमध्ये जीन्स शिवणारे कारखाने उभे राहिले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने या चिमुकल्या देशावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले. पुढे ते १५ टक्क्यांवर आले, पण ऑर्डरी आधीच आटल्या होत्या.

उरते पाणी. मलोटी डोंगरांत पाऊस आणि बर्फ भरपूर. तिथून निघणारी सेन्कू नदी पुढे ऑरेंज नावाने पश्चिमेला अटलांटिककडे जाते. तहानलेला जोहान्सबर्ग परिसर मात्र उत्तरेला आहे. म्हणून नदीच्या उपनद्या अडवून पाणी बोगद्यांतून उलट दिशेला वळवायचे, अशी योजना आखली गेली. १९८६ च्या जानेवारीत वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने सीमा कोंडली, मासेरूत लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पाणीकरारावर सह्या झाल्या. करार कोणत्या दडपणाखाली झाला, हे या क्रमातूनच कळते.

अभियांत्रिकी म्हणून काम अद्भुत आहे. १८५ मीटर उंचीची कात्से धरणाची कमानदार भिंत, आणि सुमारे ८२ किलोमीटरचे बोगदे, ज्यांतून पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने वाहते. वाटेत मुएलाला ७२ मेगावॉट वीज तयार होते. पाण्याच्या स्वामित्वशुल्कावर सरकारी तिजोरीचा मोठा भार आहे. याच प्रकल्पात लाच घेतल्याबद्दल तो राबवणाऱ्या प्राधिकरणाचे माजी प्रमुख मासुफा सोले यांना लेसोथोच्या न्यायालयाने २००२ मध्ये तुरुंगात धाडले आणि लाच देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही दोषी ठरवले. बहुराष्ट्रीय कंपन्यांना अशी शिक्षा करण्याची हिंमत कितीतरी मोठ्या देशांनी दाखवलेली नाही.

तरीही धरणांच्या आसपासच्या कित्येक वाड्यांत बायका अजून झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहतात. कुरणे, शेते आणि पूर्वजांची थडगी जलाशयाखाली गेलेल्यांना भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. आता दुसऱ्या टप्प्यातले पोलिहाली धरण आणि तिथून कात्सेपर्यंतचा सुमारे ३८ किलोमीटरचा बोगदा, यांचे काम सुरू आहे. त्या खोऱ्यातल्या गावांना नळ, जमिनीचा मोबदला आणि चराईचे हक्क बोगद्यातून पाणी सुटण्याआधी मिळाले पाहिजेत, नंतर नव्हे.

(पुढील लेखांक : एस्वातिनी)