नाव पॅरिसमध्ये, रूप डेन्मार्कमध्ये

मार्च १७११. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये आर्चबिशपांच्या दफनासाठी तळघर खणले जात होते. खणता खणता जुनी भिंत लागली आणि तिच्यात चिणलेले दगडी ठोकळे बाहेर येऊ लागले. त्यांवर आकृत्या कोरलेल्या होत्या. त्यांत एकही ख्रिस्ती संत नव्हता.

एका ठोकळ्यावर लॅटिन लेख होता. सम्राट तिबेरियसच्या काळात, म्हणजे इ.स. १४ ते ३७ च्या दरम्यान, पॅरिसी जमातीच्या नावाड्यांनी हा स्तंभ ज्युपिटरला अर्पण केल्याचे त्यात म्हटले होते. सेन नदीवर मालवाहतूक करणाऱ्या या लोकांनी रोमचा मान राखला होता, पण आपले देव सोडले नव्हते. ज्युपिटर आणि व्हल्कन यांच्याबरोबर त्यांचा देव एसुस कुऱ्हाडीने झाड तोडत होता. दुसऱ्या बाजूला पाठीवर आणि डोक्यावर तीन क्रौंच पक्षी बसलेला वळू होता. आणखी एका ठोकळ्यावर हरणाची शिंगे असलेला दाढीवाला म्हातारा होता. त्याच्या दोन्ही शिंगांत कड्यासारखे गळ्यातले दागिने अडकवलेले होते. वर नाव कोरले होते : केर्नुन्नोस.

या नावातले पहिले अक्षर आज दगडावर उरलेले नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी लेख उतरवून घेतला, त्यांच्यामुळेच पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झनेही या शोधात लक्ष घातले होते.

नावे सापडली, पण त्यांच्या कथा नाहीत. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या, ड्रुइड पुरोहितांना लिहिता येत होते, तरी धर्मज्ञान लिहिणे ते निषिद्ध मानत. काही शिष्य २० वर्षे पाठांतर करत, असे ज्युलियस सीझरने नोंदवले आहे. मुखोद्गत ज्ञानाचे सामर्थ्य आपल्याला नव्याने सांगायला नको. आपल्याकडे वेदपठणाची साखळी टिकली. गॉलमध्ये रोमन सत्तेने ड्रुइडांवर बंदी घातली आणि ती तुटली. त्याच केल्टिक परंपरेतल्या आयर्लंडच्या कथा पुढे ख्रिस्ती मठांत लिहिल्या गेल्या, म्हणून वाचल्या. एसुस झाड का तोडतो, हे सांगणारे मात्र कोणी उरले नाही. जर्मनीतल्या ट्रियरजवळ तसाच एक दगड मिळाला : झाड तोडणारा पुरुष, फांद्यांत बैलाचे डोके आणि तीन पक्षी. म्हणजे ही एका कारागिराची कल्पना नव्हती. दूरदूरच्या लोकांना ती गोष्ट ठाऊक होती.

केर्नुन्नोसचा माग पुढे डेन्मार्कमध्ये लागला. मे १८९१ मध्ये गुंडेस्ट्रुप गावाजवळच्या दलदलीत मजूर जळणासाठी पीट कापत होते, तेव्हा त्यांना चांदी लागली. एका मोठ्या पात्राचे पत्रे सुटे करून त्याच्याच तळाच्या वाटीत रचून ठेवलेले होते. सगळी मिळून जवळजवळ ९ किलो चांदी. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोफुस म्युलर यांनी त्यांची जुळणी केली. आतल्या एका पत्र्यावर मांडी घालून बसलेला शिंगाळा पुरुष होता. त्याच्या एका हातात तसेच कडे होते, दुसऱ्या हातात मेंढ्याची शिंगे असलेला साप, आणि शेजारी हरीण.

मोहेंजोदडोच्या तथाकथित पशुपती मुद्रेशी या चित्राची तुलना अनेकदा होते. मला ती पटत नाही. दोघांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. शिवाय गॉल लोक जमिनीवर कातडी पसरून जेवायला बसतात, हे ग्रीक लेखकांनी नोंदवून ठेवले आहे. जमिनीवर बसणाऱ्या माणसांचा देव मांडी घालून बसला, तर त्यासाठी सिंधूपर्यंत जायला नको. चांदीकामाचा घाट मात्र खरोखर परका आहे. तो थ्रेसकडचा, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रोमेनियाच्या परिसरातला, असे बरेच अभ्यासक मानतात. दुसऱ्या एका पत्र्यावर तर चक्क हत्ती आहेत.

या पात्रावर एकही अक्षर नाही. तरीही अभ्यासक त्या पुरुषाला केर्नुन्नोस म्हणतात, आणि मला ते योग्य वाटते. नुसत्या शिंगांवर मी विश्वास ठेवला नसता. शिंगे कोणीही कोणालाही लावील. पण शिंगे आणि कडे ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. उत्तर इटलीत वाल कामोनिकाच्या खडकावर हरणाची शिंगे असलेली एक उभी आकृती कोरलेली आहे आणि तिच्या दंडावरही कडे आहे. ते कोरीवकाम साधारण इ.स.पू. चौथ्या शतकातले मानतात. म्हणजे पॅरिसच्या नावाड्यांनी हे नाव दगडावर कोरून घेतले, तेव्हा हा देव निदान तीनशे वर्षे जुना होता.