सांडपाण्याची साक्ष

एखाद्या शहरांत अमली पदार्थांचें सेवन किती होतें, हा प्रश्न विचारावयास सोपा, पण त्याचें उत्तर मिळणें फार कठीण. दारूच्या खपाचा अंदाज निदान कराच्या वह्यांवरून करतां येतो. जी वस्तु बाळगणें हाच गुन्हा, तिचा हिशेब कोण ठेवणार? तरीहि कायदे होतात, तुरुंग भरतात, उपचारकेंद्रें निघतात. आणि हें सारें पुष्कळ अंशीं तर्कावर चालतें.

युरोपांत तर देश अनेक आणि मोजण्याच्या रीतीहि अनेक. मापच निराळें असल्यावर कोणाचें धोरण लागू पडलें, हें ताडून पाहणार कसें? १९९३ सालीं युरोपीय समुदायानें या कामासाठीं एक संस्था निर्माण केली व तिचें ठाणें लिस्बन येथें ठेविलें. २०२४ च्या जुलैपासून तीच संस्था अधिक अधिकारांसह नव्या नांवानें काम करीत आहे. सभासद देशांतील एकेक केंद्र तिला ठराविक नमुन्यांत माहिती पुरवितें. १९९५ सालीं सव्वीस देशांतील शाळकरी मुलांना एकच प्रश्नावली देऊन पाहणी झाली, व ती पुढें दर चार वर्षांनीं चालू राहिली. पण कागदावर मनुष्य खरेंच लिहील, याची हमी कोण देणार?

शरीर मात्र खोटें बोलत नाहीं. कोकेन घेणाऱ्याच्या मूत्रांत बेंझॉइलएकगोनिन नांवाचें द्रव्य उतरतें. तें शरीरांतच तयार होत असल्यानें सेवनाचा तो चांगला पुरावा ठरतो. मिलान येथील मारिओ नेग्री संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं पो नदीचें पाणी तपासलें, तेव्हां रोज सुमारें चार किलो कोकेनाइतका अंश नदींतून वाहत असल्याचें त्यांना आढळलें. सरकारी अंदाजाहून हा आंकडा बराच मोठा होता.

एका नदीवरून युरोपचें अनुमान करतां येत नाहीं. म्हणून २०११ च्या मार्चमध्यें एकोणीस शहरांतील सांडपाणी एकाच आठवड्यांत, दिवसाचे चोवीस तास थोडथोडें गोळा करून तपासण्यांत आलें. यांतील खरें कष्टाचें काम पाणी भरण्याचें नव्हतें. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आंकडे जुळतात कीं नाहीं, हें पाहण्याचें होतें. त्यासाठीं सर्वांस सारखेच नमुने पाठवून प्रत्येकीचें उत्तर पडताळण्यांत आलें. आपलें माप दुसऱ्याच्या मापाशीं ताडून घेण्यास विद्वानांची तयारी असणें ही सामान्य गोष्ट नव्हे. कोकेन व एक्स्टसी यांचें प्रमाण शनिवार-रविवारीं चढतें, आणि मेथॅम्फेटामिनचा जोर चेक देशांत व उत्तरेकडील कांहीं शहरांत अधिक आहे, असें त्यांतून दिसून आलें.

त्याच वर्षीं हॉलंडमधील उट्रेख्ट शहराच्या सांडपाण्यांत एक्स्टसीचें प्रमाण एकाएकीं भलतेंच वाढलेलें आढळलें. सारें शहर का नशेंत बुडालें होतें? या द्रव्याचे रेणू उजव्या-डाव्या पंजांसारखे दोन जातींचे असतात. कारखान्यांत दोन्ही सारखे बनतात. शरीर मात्र एका जातीचे लवकर पचवितें, म्हणून मूत्रांत तें प्रमाण बिघडतें. उट्रेख्टच्या पाण्यांत दोन्ही जाती समसमान निघाल्या. माल कोणाच्या पोटांत गेलाच नव्हता. जवळच्या चोरट्या कारखान्यावर पोलिसांची धाड पडल्यामुळें तो गटारांत ओतला गेला होता. नुसत्या आंकड्यावर भिस्त ठेवली असती, तर त्या शहरावर केवढा बट्टा लागला असता!

या पद्धतीस मर्यादाहि आहेत. थोड्यांनीं पुष्कळ घेतलें कीं पुष्कळांनीं थोडें, हें पाणी सांगत नाहीं. हेरॉइनचा माग तर अधिकच अवघड. कारण त्यापासून होणारें मॉर्फिन रुग्णालयांतील औषधांतूनहि येतें. म्हणून प्रश्नावली व रुग्णालयांच्या नोंदी सुटत नाहींत. आज शंभराहून अधिक शहरें या वार्षिक मोजणींत सामील असतात. लाखोंच्या वस्तींत कोणा एकाचें नांव उघड होण्याची भीति नाहीं. पण एखादा तुरुंग किंवा एखादी शाळा यांचेंच पाणी तपासल्यास मूठभर माणसांवर बोट रोखलें जाईल, हें ओळखून या संशोधकांनीं अशा ठिकाणांसाठीं निराळे नियम लिहून ठेविले आहेत.