लिंक गेली म्हणजे काय गेलं?

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याला गेलो होतो. तोरणा ढगात बुडालेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातलावणी चाललेली. जुनी खोड म्हणून तिथल्या एका बँकेत डोकावलो. काउंटरपुढे वीस-पंचवीस माणसं ताटकळत होती. आतून कुणीतरी ओरडलं, ‘‘लिंक गेली हो!’’

पुढं उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं, ‘‘कुठं गेली वं ती?’’

सगळे हसले. मला मात्र हसता आलं नाही. बँकेत उभी हयात काढली, पण या प्रश्नाला त्या आजींना समजेल असं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं.

१९८६ साली मी भोरच्या एका शाखेत अधिकारी होतो. परगावचा पैसा टपालानं यायचा, घाई असेल तर तारेनं. तारेत रकमेसोबत एक गुप्त आकडा असे. दोन्ही शाखांकडं सारखंच सांकेतिक पुस्तक असायचं. तारीख, रक्कम, शाखा यांचे आकडे मांडून बेरीज करायची. ती तारेतल्या आकड्याशी जुळली तरच पैसे द्यायचे, असा नियम.

त्या जुलैत हिरडस मावळातल्या एका वाडीवरून एक मावशी आल्या. मुंबईला गोदीत असलेल्या मुलानं आठशे रुपये पाठवले होते. तार आली होती, पण बेरीज जुळेना. ट्रंककॉल लावला, तो लागला नाही. मी म्हणालो, ‘‘मावशी, उद्या-परवा या.’’ त्या काही न बोलता पावसात परत गेल्या. तिसऱ्या दिवशी खुलासा आला. पलीकडच्या शाखेत कुणीतरी आदल्या दिवसाची तारीख धरून हिशेब केला होता. त्याच दिवशी मावशी आल्या. मी नोटा मोजून दिल्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मालकाच्या औषधाला हवं होतं, सायेब. आता दिसाला लागतील.’’

नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. तरीही ते वाक्य आजवर पुसलं गेलेलं नाही.

पुढं संगणक आले, शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या. तेव्हा ध्यानात आलं, की या नव्या जाळ्याचे नियम आपल्या टपाल-तारेच्या नियमांचेच भाऊबंद आहेत. पहिला नियम पत्त्याचा. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखला टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. भोरचा पिन ४१२२०६. कोलकात्यातल्या टपाल कर्मचाऱ्याला भोर कुठं आहे हे ठाऊक असायची गरज नाही. पहिला ४ पाहून तो पत्र आपल्या बाजूला ढकलतो. इथला माणूस पुढचे आकडे पाहतो. शेवटचे तीन आकडे नेमकं टपालघर सांगतात. संगणकाचा पत्ताही असाच आकड्यांचा असतो, आणि राउटर नावाची पेटी हे पत्रं निवडणाऱ्या माणसाचंच काम करते. सगळी वाट तिला ठाऊक नसते. पुढचा मुक्काम तेवढा ठाऊक असतो.

दुसरा नियम तुकड्यांचा. संगणक मजकूर अखंड पाठवत नाही. शंभर पोती तांदूळ भोरहून पुण्याला न्यायचा, तर तो एकाच गाडीत मावत नाही. मिळेल त्या टेम्पोनं, मिळेल त्या वाटेनं जातो. पोत्यांवर नंबर घातलेले असले की पुण्यात ती पुन्हा ओळीनं लावता येतात. या नंबर घातलेल्या पोत्यांना म्हणायचं ‘पॅकेट’.

तिसरा नियम पोच देण्याचा. विंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी १९७४ साली तो मांडला. प्रत्येक पॅकेटसोबत एक बेरीज जाते. वाटेत काही बिघडून ती जुळली नाही, तर पॅकेट टाकून द्यायचं. पोच आली नाही, की पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. म्हणजे माझ्या भोरच्या तारेसारखंच! फरक एवढाच, की तिथं तीन दिवस गेले. इथं डोळ्याचं पातंही लवत नाही.

मग वेल्ह्यात अडलं कुठं? माझ्या काळी बाहेरचा पैसा तारेवर अवलंबून असे. पण खातेदाराचं स्वतःचं खातं माझ्या मागच्या कपाटात, जाडजूड लेजरात असायचं. घाटात दरड कोसळो, तार तुटो; लेजर उघडून त्याचे पैसे त्याला देता येत. आता सगळी खाती दूरच्या शहरातल्या संगणकात गेली आहेत. त्यामुळं पुणेकराला भोरमध्ये पैसे काढता येतात, ही सोय मोठीच. पण वाट बंद झाली, की वेल्हेकराला वेल्ह्यातही आपलेच पैसे मिळत नाहीत.

यावरचा उपाय जाळं रचणाऱ्यांना सुरुवातीपासून ठाऊक आहे. पॉल बॅरन या अमेरिकन अभियंत्यानं १९६०च्या दशकात तो मांडला होता. एक धागा तुटला तर दुसऱ्यानं जाता यावं, असे अनेक धागे हवेत. शहरात ते असतात. नसरापूर, मार्गासनी, विंझर असा रस्ता धरून आत गेलेल्या खोऱ्यात दुसरा धागा टाकायचा, तर खर्च जास्त आणि गिऱ्हाईक कमी. हिशेबी माणूस म्हणून मला ते समजतं. पण हिशेब बरोबर असूनही काय होऊ शकतं, हे मी एकदा पाहिलं आहे.

त्या दिवशी मी आजींना म्हणालो, ‘‘आजी, तुमचं खातं लांबच्या गावाला ठेवलंय. तिकडची वाट बंद झालीय.’’

आजींनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, ‘‘मग दुसऱ्या वाटेनं आणा की!’’

अडीचच्या सुमाराला लिंक आली. आजींनी नोटा दोनदा मोजल्या, पिशवीत घातल्या आणि एसटी चुकू नये म्हणून पावसातच लगबगीनं निघाल्या.